डब्यात काय आहे ते सांगा: परदेशी कस्टम्सला खाऊ डिक्लेअर न केल्यास काय होतं आणि ते कसं टाळायचं

मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघालेल्या आईबाबांच्या बॅगेत कपडे कमी आणि खाऊ जास्त असतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बेसनाचे लाडू, लोणच्याची बरणी आणि वजनात बसलंच तर दोन किलो आंबेमोहर. यात गैर काहीच नाही. गडबड होते ती पुढे. विमानात कार्ड हातात येतं, त्यावर खाण्याच्या वस्तूंबद्दलचा प्रश्न असतो आणि त्यापुढे ‘नो’वर खूण केली जाते. कुणी घाबरून करतं, कुणी घाईत, कुणी इंग्रजी नीट न वाचता. कुणाला निघताना कोणीतरी सांगितलेलं असतं, ‘येस म्हटलंत तर सगळं काढून घेतील हो.’

हा सल्ला देणारा माणूस तुमचं भलंच चिंतत असतो, पण सल्ला पूर्ण चुकीचा आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका या तिन्ही देशांत नियम सरळ आहे: तुम्ही वस्तू आपणहून सांगितली आणि ती चालत नसली, तर ती तुमच्याकडून घेतली जाते आणि तुम्ही बाहेर पडता. दंड होत नाही. दंड होतो तो न सांगितल्याबद्दल. वस्तू अर्धा किलो आहे की एक सफरचंद, महाग आहे की घरची, याने फारसा फरक पडत नाही. ‘माहीत नव्हतं’, ‘विसरलो’, ‘बॅग सुनेने भरली’ ही कारणं अधिकारी ऐकून घेतात, पण कार्डावर सही तुमची असते.

मी पार्ल्यात राहते. आमच्या इमारतीत दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मेलबर्न, न्यू जर्सी किंवा लंडनला निघतं आणि बॅग भरताना ‘हे चालेल का गं?’ म्हणून डबे घेऊन माझ्याकडे येतं. त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी कारण समजून घ्या

नुसता नियम सांगितला की लोक पळवाट शोधतात. कारण कळलं की आपणहून डबा बाजूला काढतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे गुरांचा लाळ्या खुरकूत हा रोग गावोगावी माहीत आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, ब्रिटन हे देश त्यापासून मुक्त आहेत आणि तसंच राहण्यासाठी वाट्टेल ते करायला तयार आहेत. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये या रोगाची साथ आली. बेकायदा आलेलं मांस खरकट्यातून डुकरांच्या खाण्यात गेलं आणि तिथून ती सुरू झाली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि सुमारे आठ अब्ज पौंडांचं नुकसान झालं. दूध आणि मांस यांबद्दल हे देश इतके हळवे का आहेत, ते यावरून कळेल. तुमचा पेढा कितीही चांगल्या दुकानातला असला, तरी तो ज्या देशातल्या दुधाचा आहे तो देश त्यांच्या यादीत रोगमुक्त नाही.

दुसरं कारण धान्याचं. खपरा भुंगा हा आपल्याच भागातला किडा. साठवणीचं धान्य तो आतून पोखरतो आणि त्याची अळी फटीत दडून काही न खाता वर्षानुवर्षं जगू शकते. एकदा गोदामात शिरला की निघत नाही. म्हणून तांदूळ, हरभरे, जिरे, धणे यांवर नजर असते.

हे सगळं गोऱ्यांचं कौतुक आहे असं वाटत असेल तर गाजर गवत आठवा. पुण्याच्या आसपास १९५०च्या दशकात त्याची पहिली नोंद झाली. ते अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर इथे पोचलं, असं मानलं जातं. आज ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक पडीक जमिनीवर आहे, अंगाला लागलं की खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो आणि सत्तर वर्षांत ते कुणाला हटवता आलेलं नाही. मक्यावरची लष्करी अळीही २०१८ मध्ये बाहेरूनच आली आणि त्याच वर्षी आपल्या शेतकऱ्यांच्या शेतात शिरली. सीमेवर निसटलेली एक गोष्ट किती महागात पडते, हे आपल्याला बाहेरच्या कुणी शिकवायला नको.

न सांगितल्यास काय होतं

सगळ्यात कडक ऑस्ट्रेलिया. २०१५च्या जैवसुरक्षा कायद्याखाली अधिकारी विमानतळावरच दंडाची नोटीस हातात देऊ शकतो. दंड ‘पेनल्टी युनिट’मध्ये मोजतात आणि एका युनिटची किंमत नोव्हेंबर २०२४ मध्ये ३३० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. गुन्हा किती गंभीर त्यावर किती युनिट ते ठरतं. २०२२ मध्ये बालीहून डार्विनला आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत नाश्त्याचे दोन मॅकमफिन आणि एक हॅम क्रोसाँ सापडलं. झिंटा नावाच्या कुत्रीने ते हुंगून काढलं. दंड झाला २,६६४ डॉलर. २०२५ मध्ये एक मल्याळी अभिनेत्री ओणमच्या कार्यक्रमासाठी मेलबर्नला उतरली. हँडबॅगेत वीतभर मोगऱ्याचा गजरा होता, तोही वडिलांनी प्रेमाने घेऊन दिलेला. दंड झाला १,९८० डॉलर, म्हणजे रुपयांत लाखाच्या वर. खाण्याची वस्तू नव्हती, फुलं होती. पण कार्डावर प्रश्न वनस्पतींचाही असतो.

दंडापेक्षा मोठी गोष्ट व्हिसाची आहे आणि आईबाबांना ती कुणी सांगत नाही. एप्रिल २०१९ पासून, गंभीर प्रकरणात, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाचा व्हिसा विमानतळावरच रद्द करता येतो. २०२१च्या जानेवारीपासून विद्यार्थी आणि तात्पुरत्या कामाच्या व्हिसांनाही हे लागू झालं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सिडनीला व्हिएतनामहून आलेल्या एका बाईंच्या बॅगेत कच्चं डुकराचं मांस आणि इतर बरंच खाणं निघालं. त्यांना परतीच्या विमानात बसवलं आणि तीन वर्षं पुन्हा येण्याची बंदी आली. नातवाच्या बारशाला निघालेल्या आजीवर ही वेळ आली तर काय होईल, याचा विचार बॅग भरतानाच करा.

न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या धोक्याच्या वस्तूला जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. मुद्दाम लपवलं असं ठरलं तर प्रकरण कोर्टात जातं आणि तिथे एक लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. विमानात सफरचंद दिलं, पर्समध्ये टाकलं आणि उतरताना विसरलं, यातही ४०० डॉलर जातात.

अमेरिकेत पहिल्यांदा सापडलेल्या, घरगुती वापराच्या वस्तूबद्दल एक हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांच्याकडे ‘ग्लोबल एंट्री’, म्हणजे विमानतळावरची लांब रांग टाळून लवकर आत जाण्याची सोय आहे, त्यांची ती सवलत काढून घेतली जाऊ शकते. कामानिमित्त वरचेवर जाणाऱ्यांना हे दंडापेक्षा जास्त झोंबतं. कॅनडात १,३०० कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड आहे. ब्रिटन आणि युरोपात भारतातून दूध किंवा मांस घेऊन जाता येत नाही. सापडलं की जप्त होतं आणि नष्ट केलं जातं.

दुबई आणि अबुधाबीचा प्रश्न वेगळाच आहे. तिथे भुंगा आणि जनावरांपेक्षा खसखस महत्त्वाची. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंद आहे आणि ती अफूच्या झाडाची म्हणून तिच्याकडे अमली पदार्थ म्हणून पाहिलं जातं. आता आपल्या घरात खसखस कुठे कुठे असते ते पाहा. अनारशाची एक बाजू खसखशीत घोळलेली असते. करंजीच्या सारणात असते. कांदा-लसूण मसाल्यात, कोल्हापुरी मसाल्यात भाजून वाटलेली असते. बाळंतिणीच्या लाडवात असते. दिवाळीत शारजाच्या भाचीसाठी अनारशांचा डबा न्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. इथे डिक्लेअर करून सुटका होईल या भरवशावर राहू नका. तो डबा न्यायचाच नाही. लंडनला जाताना दुबईत विमान बदलणार असाल तरी मी खसखशीचा पदार्थ नेणार नाही.

पहिली पायरी: निघण्याच्या आठवडाभर आधी सगळं टेबलावर मांडा

बॅगेत भरता भरता ठरवू नका. आदल्या रात्री झोप कमी, पाहुणे जास्त आणि निर्णय भावनेच्या भरात होतात. आठवडाभर आधी न्यायचं असलेलं सगळं खाणं जेवणाच्या टेबलावर मांडा आणि प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारा. यात दूध किंवा मांस-अंडं आहे का? यात ताजं फळ, पान, फूल आहे का? यात रुजू शकेल असं बी किंवा आख्खं धान्य आहे का? हे घरी केलंय की कंपनीच्या पाकिटात, लेबलसकट आहे?

दुधापासून सुरू करू. खवा, पेढे, बर्फी, रसगुल्ले, गुलाबजाम हे ऑस्ट्रेलियाला नेऊच नका. ब्रिटनमध्ये बिस्किटं, केक, चॉकलेट चालतात, पण ज्या मिठाईत दूधच मुख्य आहे ती चालत नाही. म्हणजे पेढा तिथेही बाद. तुपातले बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, डिंकाचे लाडू यांचं नक्की सांगता येत नाही. नेले तर डिक्लेअर करा आणि गेले तर गेले अशी मनाची तयारी ठेवून न्या. मी स्वतः चार लाडू वेगळ्या डब्यात ठेवायला सांगते, चाळीस नाही. चार गेल्याचं दुःख झेपतं.

आता धान्य. इथे आपली माणसं सगळ्यात जास्त अडकतात, कारण तांदूळ आणि डाळ यांत काय वावगं असणार, असं प्रत्येकाला वाटतं. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून येणाऱ्या जास्त धोक्याच्या धान्य-बियांवर बंदी घातली आहे. त्यात तांदूळ, हरभरे, मूग, मसूर, तूर, चवळी, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप आणि सुक्या लाल मिरच्याही आहेत. थोडक्यात, आपल्या मिसळणाच्या डब्यातला निम्मा ऐवज. भाजून किंवा तळून कंपनीने पॅक केलेल्या वस्तूंना सूट आहे, घरच्या घरी भाजलेल्याला ती मिळेल असं समजू नका. अमेरिकेतही, जिथे खपरा भुंगा आहे अशा देशांतून येणाऱ्या प्रवाशांना सामानात तांदूळ, हरभरे, सोयाबीन आणि करडईचं बी आणता येत नाही, आणि भारत त्या देशांत येतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानात आंबेमोहर मिळत नाही असं मुलगा सांगत असेल, तरी दोन किलोची पिशवी घरीच राहू द्या.

भाजणी आणि मेतकूट यांबद्दल सगळे विचारतात. दोन्ही भाजून दळलेली, म्हणजे आख्ख्या धान्यापेक्षा धोका कमी. पण घरची पिशवी, लेबल नाही, आत काय आहे ते अधिकाऱ्याला पाहून कळत नाही. त्यापेक्षा दुकानातलं सीलबंद पाकीट घ्या, ज्यावर इंग्रजीत घटक आणि तारीख छापलेली आहे. दादरला, गिरगावात, ठाण्याला चांगल्या घरगुती चवीची अशी पाकिटं मिळतात. मसाल्याचंही तेच: आख्खे मसाले घरी ठेवा, दळलेला आणि सीलबंद न्या. चितळ्यांच्या बाकरवडीसारखा फॅक्टरीतला फराळ सोपा पडतो, कारण पाकीट वाचून अधिकाऱ्याचा प्रश्न तिथेच संपतो.

ताज्या वस्तूंवर वेळ घालवू नका. कढीपत्ता, विड्याची पानं, हिरव्या मिरच्या, लिंबं, आलं, अळूची पानं हे सगळं घरी ठेवा. कढीपत्ता निरुपद्रवी वाटतो, पण तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे. त्याच्या पानावर बसणारा एक बारीक किडा संत्र्याच्या बागा मारणारा रोग पसरवतो, म्हणून अमेरिकेत ताज्या कढीपत्त्यावर करडी नजर असते.

आणि हापूस. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये दार उघडलं खरं, पण ते किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून, तपासून, व्यापारी मार्गाने जाणाऱ्या पेट्यांसाठी. तुमच्या हातातल्या देवगडच्या पेटीसाठी ते दार नाही. फळमाश्या सापडल्यामुळे युरोपने मे २०१४ मध्ये आपल्या आंब्यावर बंदी घातली आणि ती पुढच्या वर्षी उठवली. आजही युरोपात आंबा न्यायचा तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राशिवाय चालणारी फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. तेव्हा आंब्याची हौस आंबापोळीवर भागवा. फणसपोळी, कोकम सोलं, आगळ यांनाही तोच मार्ग: सीलबंद, लेबलसकट, आणि तरीही डिक्लेअर.

सुकी मासळी हा कोकणातल्या माणसाचा जिव्हाळ्याचा विषय. इथे बातमी बरी आहे. सुके बोंबील, सोडे, जवळा घरच्यापुरते नेले तर अमेरिकेत ते चालतात. युरोप-ब्रिटनमध्येही मासळीला दूध-मांसासारखी बंदी नाही, ठरावीक वजनापर्यंत नेता येते. पण वास बॅगभर पसरतो, तेव्हा घट्ट बांधा आणि यादीत सगळ्यात वर लिहा. मटणाचं सुकं, खिमा, चिकनचा मसाला घातलेले नूडल्स आणि सूपची पाकिटं मात्र काढून टाका. नूडल्सच्या पाकिटातली छोटी पुडी वाचायची राहून जाते.

दुसरी पायरी: जे खाणं वाटत नाही ते शोधा

हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे. निघण्याच्या दिवशी घरातल्या बाईची ओटी भरतात. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. ते सगळं आदराने पर्समध्ये जातं आणि तिथेच राहतं. केसांत गजरा असतो. सिद्धिविनायकाचा किंवा महालक्ष्मीचा प्रसाद कागदाच्या पुडीत कोटाच्या खिशात असतो, दूर्वा आणि फुलासकट. लग्नपत्रिकेच्या पाकिटात अक्षता असतात. यातली एकही गोष्ट तुमच्या डोक्यात ‘खाणं’ म्हणून नोंदलेली नसते, आणि विमानातलं कार्ड भरताना ती आठवत नाही. क्ष-किरणाच्या यंत्राला आणि कुत्र्याला मात्र दिसते.

ओटी जरूर भरा. घरून निघताना तांदूळ आणि नारळ देवापुढे ठेवून जा, किंवा घरच्या कुणाकडे परत द्या. खण आणि कुंकू घेऊन जा. गजरा सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, टर्मिनलच्या दारातच काढा. औषधांच्या पिशवीत हिंगाष्टक, ज्येष्ठमधाच्या काड्या, ओवा, बडीशेप, तुळशीचं बी असेल तर तेही यादीत येतं. कार्डावर पारंपरिक औषधं आणि वनौषधी यांचा उल्लेख असतो.

तिसरी पायरी: दुसऱ्यांचे डबे

‘आमच्या रोहनला एवढंच द्या हो, तो घ्यायला येईल.’ हे ऐकून नाही म्हणता येत नाही, मला कळतं. पण बॅग तुमची, सही तुमची, दंड तुमचा. समोरच्या काकूंना नम्रपणे सांगा की डबा उघडा द्या, मी स्वतः पाहून बांधते. शिवून, टेप लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून आलेलं पुडकं घेऊ नका. आत लोणचंच आहे असं त्या मनापासून सांगत असतील, आणि आत लोणच्याबरोबर मुलाच्या आवडीच्या सुक्या मिरच्याही असतील.

चौथी पायरी: भरताना

सगळं खाणं एकाच बॅगेत, वरच्या थरात, पारदर्शक पिशव्यांमध्ये ठेवा. कपड्यांच्या घड्यांत, बुटांत, साड्यांच्या मधे डबे खुपसू नका. तुमचा हेतू फुटू नये एवढाच असतो, पण पाहणाऱ्याला ते लपवल्यासारखं दिसतं.

मग एक कागद घ्या आणि प्रत्येक वस्तूचं नाव इंग्रजीत लिहा: मराठी नाव, पुढे साध्या शब्दांत ते काय आहे, घरचं की विकतचं. नुसतं ‘चकली’ लिहून उपयोग नाही, ‘तांदूळ आणि डाळीच्या पिठाचा तळलेला पदार्थ’ असं लिहा. मुलांकडून हे आधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि छापून पासपोर्टमध्ये ठेवा. ज्यांना इंग्रजी बोलायला संकोच वाटतो, त्यांची अर्धी भीती या एका कागदाने जाते. अधिकाऱ्याला तो दिला की तो वाचतो, हव्या त्या दोन वस्तू काढायला सांगतो आणि बाकी सोडतो.

मुंबईच्या बाजूची एक गोष्ट: सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. कापूरही नाही. बॅग इथेच अडली तर परदेशातल्या कस्टम्सचा प्रश्नच येत नाही.

पाचवी पायरी: विमानात

कार्ड मिळालं की लगेच भरा, झोपेतून उठून उतरताना नको. ऑस्ट्रेलियाच्या कार्डात मांस, अंडी, दूध, फळं, भाज्या यांचा एक प्रश्न, आणि धान्य, बिया, सुका मेवा, वनस्पती, वनौषधी यांचा दुसरा असतो. न्यूझीलंडला जाणाऱ्यांना निघण्याआधीच ऑनलाइन ट्रॅव्हलर डिक्लेरेशन भरता येतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आता कागद नाही, अधिकारी तोंडी विचारतो: ‘एनी फूड?’ त्याला ‘येस, होममेड स्नॅक्स अँड स्पाइसेस’ असं सरळ सांगा आणि यादी पुढे करा.

शंका आली की ‘येस’. एका वस्तूबद्दल खात्री नसेल तरी ‘येस’. नवरा-बायको दोघं असाल आणि खाऊची बॅग एकाच्या नावावर असेल, तरी दोघांनी आपसात बोलून मग खूण करा. एकाने येस आणि दुसऱ्याने नो, असं झालं की प्रश्न वाढतात.

विमानात मिळालेलं फळ, सँडविच, दह्याची वाटी खाऊन टाका किंवा सीटवरच सोडा. पुढच्या खेपेसाठी म्हणून पर्समध्ये काही ठेवू नका.

सहावी पायरी: उतरल्यावर

खूण चुकीची झाली आहे असं लक्षात आलं, तर अजून वेळ गेलेली नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या विमानतळांवर तपासणीच्या आधी मोठे डबे ठेवलेले असतात, त्यात वस्तू टाकता येते, कुणी विचारत नाही. नाहीतर अधिकाऱ्याकडे जाऊन आपणहून सांगा. यंत्राने किंवा कुत्र्याने शोधण्याच्या आधी सांगितलेलं आणि नंतर सांगितलेलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कुत्रा जवळ येऊन बॅगेशेजारी शांत बसला, तर त्याला काहीतरी सापडलं आहे. अमेरिकेत हे काम १९८४ पासून बीगल जातीची कुत्री करतात, लॉस एंजेलिसला सुरुवात झाली. घाबरू नका, हाकलू नका. कुत्र्याबरोबरचा अधिकारी विचारेल त्याचं उत्तर द्या. दुपारी त्या पर्समध्ये केळं असेल आणि आता नसेल, तरी वास राहतो. तेही सांगा.

तपासणीत काही काढून घेतलं तर वाद घालू नका. हे माझ्या आईने केलंय, हे देवाचं आहे, हे इतक्या रुपयांचं आहे, यातलं काहीही त्या अधिकाऱ्याच्या हातात नसतं. पैसे पुढे करणं तर मुळीच नको, तो वेगळा आणि मोठा गुन्हा होतो.

दंड झालाच तर

नोटीस शांतपणे वाचा, मुलाला फोन करू द्या असं विचारा. दुभाषी हवा असेल तर मागा. अर्ध्या समजुतीवर काही सही करण्यापेक्षा ते बरं. ऑस्ट्रेलियात दंड भरायला २८ दिवस मिळतात. भरला की प्रकरण तिथे संपतं, दोषी ठरल्याची नोंद होत नाही. न भरता मायदेशी परतलात तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं आणि पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते. मान्य नसेल तर नोटिशीवर दाद मागण्याचा मार्ग लिहिलेला असतो, त्या मुदतीत लिहून पाठवा. पावती जपून ठेवा, आणि पुढे कुठल्याही व्हिसाच्या अर्जात याबद्दल प्रश्न आला तर खरं उत्तर द्या.

परतताना, मुंबईत

आपले नियमही आहेत आणि लोक ते विसरतात. भारतात उतरताना १९६२च्या कस्टम्स कायद्याच्या कलम ७७ नुसार सामान जाहीर करण्याची जबाबदारी प्रवाशाची असते. फॉर्मवर मांस, मासे, दूध-दुभतं, पोल्ट्री यांचा आणि बिया, रोपं, फळं, फुलं यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. कस्टम्सच्या ‘अतिथी’ अॅपवरही हे भरता येतं. न सांगितलेली वस्तू जप्त होऊ शकते आणि वर दंड लागू शकतो. चॉकलेट, बिस्किटं यांची काळजी नको. काळजी लागते ती बागेची हौस असणाऱ्यांना: हॉलंडचे ट्यूलिपचे कंद, बँकॉकच्या ऑर्किडची रोपं, कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोचं बी. यांना आयात परवाना आणि तिथल्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मुंबईत याचं कार्यालय शिवडीला हाजी बंदर रोडवर आहे, तिथे आधी विचारून मगच खरेदी करा. आणि काही आणलंच असेल, तर सहारला उतरल्यावर हिरव्या मार्गाने, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नसणाऱ्यांच्या वाटेने, निघू नका. लाल मार्गाला जाऊन सांगा.